प्रवरेच्या वरल्या अंगाला

प्रवरेचे पाणी पिऊन आमच्या घराच्या तीन पिढ्या वाढल्या. श्रीरामपूर तालुक्यात डाव्या कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेला हा कालवा इंग्रजांच्या काळातला. तो आला आणि माळाचा मळा झाला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला आणि आमच्याकडे उसाचे राज्य सुरू झाले. पण हे पाणी येते कुठून, ते मी साठी उलटेपर्यंत पाहिले नव्हते. तुम्हीही कालव्याकाठचे असाल तर बहुधा पाहिले नसेल. आपण पाटकऱ्याला ओळखतो, पाळी कधी सुटणार ते विचारतो. त्यापलीकडे नदीशी आपला काय संबंध?

मागल्या वर्षी आषाढात मी तिथे जाऊन आले, नऊ वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन. देवदर्शनाला नव्हे आणि सहलीलाही नव्हे. नातू जेवत नव्हता म्हणून गेले. हसू नका, सगळे ऐका आणि मग काय ते म्हणा.

आधी घरची गोष्ट सांगते. आमच्या घरी काही कमी नाही. गोठ्यात चार गाई, दारात शेवगा, कणगीत बाजरी. तरी माघात शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि पोराच्या अंगात रक्त कमी असल्याची चिठ्ठी घरी आली. तालुक्याला नेऊन रक्त तपासले तर आठ पूर्णांक नऊ भरले. या वयाला साडेअकराच्या वर हवे. डॉक्टरांनी विचारले, हा खातो काय? सून गप्प. मी गप्प. कारण खरे उत्तर सांगायची लाज होती. सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत जाताना दुकानातला दहा रुपयांचा पुडा, दुपारी शाळेतली खिचडी ढवळून अर्धी टाकलेली, संध्याकाळी पुन्हा चहा आणि पुन्हा पुडा. रात्री ताटावर बसला की भाजी बाजूला सारून साखर-पोळी. सून कष्टाळू आहे, तिच्या हाताला चव आहे, पण पोरगे ताटाकडे पाहूनच नाक मुरडायचे. आम्ही सगळे उपाय केले होते. गोष्ट सांगून भरवले, मोबाईल दाखवून भरवले, आबांनी एकदा दोन धपाटेही घातले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचे औषध दिले आणि म्हणाले, "आजी, गोळी तीन महिने चालेल. पुढं काय?"

हे "पुढं काय" माझ्या डोक्यात बसले. आणि त्याच वेळी मला पौषातली एक गोष्ट आठवली.

आमच्याकडे कांद्याच्या लागणीला अकोल्याच्या डोंगरातून बायकांची टोळी येते. भाताची कापणी-झोडणी उरकली की त्यांच्याकडे काम नसते, म्हणून उतरतात. त्यातली एक पोक्त बाई दहा-बारा वर्षे आमच्याच रानात येते. आम्ही तिला मावशी म्हणतो, ती मला आक्का म्हणते. वयाने माझ्यापेक्षा दोन-चार वर्षे लहानच असेल. एका रविवारी नातू माझ्याबरोबर रानात आला होता. दुपारी बायका बांधावर भाकरी सोडून बसल्या. मावशीने आपल्या फडक्यातली नागलीची भाकरी मोडली, वर खुरासणीची चटणी ठेवली. खुरासणी म्हणजे आपले कारळे. पोरगे तिच्या मांडीला टेकून उभे. तिने चतकोर दिली, त्याने खाल्ली. आणखी चतकोर मागितली. मी तोंडात बोट घातले. घरी येऊन सुनेला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काय बाई, ती काळी भाकर!" आणि मीही हसले. ते हसणे मला आता आठवले की बरे वाटत नाही.

मावशी दरवर्षी म्हणायची, "आक्का, एकदा आमच्याकं या, पावसात या." दरवर्षी मी हो म्हणायची आणि दरवर्षी राहून जायचे. आषाढी एकादशी झाली, त्याच्या पुढच्या शनिवारी पहाटे मी नातवाला उठवले आणि एस.टी.त बसले.

लोणीवरून संगमनेर, संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर. तुम्ही जाल तर खिडकीशी बसा. संगमनेरपर्यंत सगळे आपलेच वाटते, ऊस, मका, डाळिंब. अकोले सोडले की रस्ता चढू लागतो, नदी कधी डाव्या हाताला तर कधी खाली खोल दिसते, निळवंड्याच्या धरणाचे पाणी झाडांतून चमकते. मग शेते लहान होत जातात. आपली एकराची पट्टी आणि त्यांची खाचरे यांत फरक इतका की नातू म्हणाला, "आजी, ह्यांची शेतं पायऱ्यांसारखी आहेत." राजूरच्या पुढे पावसाने गाठले. आपल्याकडे पाऊस पडतो, तिथे पाऊस राहायला येतो. डोंगर दिसतच नव्हते. कळसूबाई, १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच शिखर, तिथून जवळच असल्याचे कंडक्टरने सांगितले. आम्हाला दिसला तो नुसता ढग.

राजूरच्या वाटेवरच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचे नाव कुणीतरी काढले. राहीबाई पोपेरे यांचे ते गाव. नातू आजारी पडू लागला, तेव्हा विकतच्या, फवारलेल्या भाजीवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि त्यांनी गावरान बियाणे जमवायला घेतले, असे त्या स्वतः सांगत आल्या आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मी मनात म्हटले, माझ्यासारखीच एक आजी, आणि माझ्यासारखाच तिचा नातू. फरक एवढाच की तिने वेळेवर काहीतरी केले.

शेंडीला उतरलो. हेच भंडारदऱ्याचे धरण. मावशीचा थोरला नातू, तेरा वर्षांचा, आश्रमशाळेतून आवणीसाठी घरी आलेला, आम्हाला घ्यायला आला होता. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पायांत काही नाही. भाताच्या लावणीला तिकडे आवणी म्हणतात. जीपने जलाशयाच्या कडेकडेने गेलो आणि पुढे चिखलातून चालत त्यांच्या वाडीवर पोचलो. वीस-बावीस घरे असतील. घरात एकही मोठे माणूस नव्हते. मावशी, तिचा मुलगा, सून, सगळी खाचरात. घरात होती ती एक अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांची धाकटी. ती थोरली पोरगी मला म्हणाली, "आजी, बसा. च्या करते. मंग भाजीला जायाचंय."

आणि इथून पुढे जे पाहिले तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

भाजीला जायचे म्हणजे बाजारात नव्हे. घरामागच्या उताराला. ती तिघे निघाली, माझ्या नातवालाही त्यांनी ओढले, मी काठी घेऊन मागे. शेवळांचे दिवस सरले होते, टाकळा जून झाला होता, पण कुर्डू कोवळी होती आणि भारंगीला नवी पाने होती. धाकटी सहा वर्षांची, पण तिचा हात पाहण्यासारखा. झाड उपटत नव्हती. वरचा कोवळा शेंडा तेवढा नखाने खुडायचा आणि पुढे. नातवाने एक पान तोडून तिला दाखवले तर तिने ते हातातून काढून फेकून दिले आणि म्हणाली, "ज्याचं नाव म्हाईत नाय त्याला हात नाय लावायचा." माझ्या नातवाला घरी कुणी असे बोलले असते तर भोकाड पसरले असते. इथे तो गुमान तिच्या मागे चालला. पुढे ती नाव सांगायची आणि तो म्हणायचा. भारंगी. कुर्डू. भारंगी. एका कुंपणावर कर्टुल्याचा वेल होता, त्याला चार फळे लागली होती. ती त्याने स्वतः शोधली, आणि ती चार कर्टुली घरी येईपर्यंत कुणाच्या हातात दिली नाहीत.

थोरल्या मुलाने ओहोळातले दगड उलटून खेकडे धरले. मी माळकरी, म्हणून त्याने ते माझ्यापासून लांब वेगळ्या भांड्यात ठेवले, न सांगता. लेकराला ही समज कुठून येते?

घरी आल्यावर पोरांनी चूल पेटवली. ओले लाकूड, धूर इतका की माझे डोळे चुरचुरले. चुलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर राखेची एक रेघ ओढलेली होती. धाकटीने नातवाला सांगितले, ही रेघ ओलांडायची नाही. रेघेच्या आत फक्त थोरला मुलगा. आधण त्याने ठेवले, उकळी आल्यावर नागलीचे पीठ त्यानेच वैरले आणि ती उकड परातीत काढून जरा निवल्यावर मग बहिणीच्या पुढे सरकवली. नागलीचे पीठ थंड पाण्यात मळले तर भाकरी तुटते, उकड काढली की लोण्यासारखी थापली जाते. बाजरी-ज्वारीत हात मुरलेल्या बायांनो, ध्यानात ठेवा. रेघेच्या बाहेर धाकटी आणि माझा नातू भाजी निवडत होते. भारंगी कडू असते. पाने चिरून उकडायची, पाणी ओतून द्यायचे, पिळायची आणि मग भिजवलेल्या वालाबरोबर लसूण-मिरचीवर परतायची. हे सगळे त्या अकरा वर्षांच्या मुलीने बोलत बोलत केले, शाळेतले गणित सोडवावे तसे. विळीवर मात्र तिने नातवाला बसू दिले नाही. "उद्या," म्हणाली.

भाकरी त्याने एक थापली. ती गोल नव्हती. एका अंगाला जाड, एका अंगाला फाटलेली, जणू कुणी चावा घेतला आहे. थोरल्याने ती न हसता तव्यावर टाकली, भाजली आणि वेगळी काढून ठेवली, "ही ह्याची" म्हणून. अंधार पडता पडता मोठी माणसे आवणीवरून चिंब होऊन आली, पाटावर बसली आणि पोरांनी वाढले. मावशीच्या मुलाने पहिला घास घेतला आणि विचारले, "भाजी कोणी खुडली?" धाकटीने माझ्या नातवाकडे बोट केले. "ब्येस झालीय," तो म्हणाला. बस्, एवढेच. आमच्या घरी ताटावर पोराशी जे बोलणे चालते, खा रे, एवढा घास माझा, एवढा घास आबांचा, त्यातले काहीही नाही. कुणीही त्याला खा म्हटले नाही. त्याने स्वतःची फाटकी भाकरी संपवली, भारंगी संपवली, तोंड वाकडे करत का होईना, पण संपवली, आणि कर्टुल्याची भाजी सगळ्यांना थोडी थोडी स्वतः वाढली, कारण ती त्याची होती.

रात्री मावशीजवळ मी मन मोकळे केले. ती म्हणाली, "आक्का, आम्ही काय शिकवत नाय. आवणीच्या दिसांत घरी कोण असतंय? पोरांनी नाय केलं तर उपाशीच निजायचं." म्हणजे आपण ज्याला आज शिक्षण म्हणून कौतुक करू, ती त्यांची गरज आहे, हे मी विसरत नाही. त्या थोरल्या पोरीच्या अंगावर वयापेक्षा जास्त पडते हेही मला दिसले. पहाटे पाणी तीच भरत होती. भाऊ घरी असला की चूल सांभाळतो, पण तो आश्रमशाळेत गेला की सगळे तिच्यावर. तिचा अभ्यासाचा वेळ त्यात जाऊ नये, असे मी मावशीला बोलले. ती "हो" म्हणाली, पण तिच्याजवळ दुसरा उपाय काय आहे, ते मला सुचले नाही.

आणि डोंगरावर सगळे आबादीआबाद आहे असेही समजू नका. सकाळी वाडीतल्या दुकानासमोरून गेलो. दुकान कसले, खिडकीच ती. पण त्या खिडकीला आमच्या गावच्या दुकानात लटकतात त्याच रंगीत पुड्यांच्या माळा लटकत होत्या. एस.टी. जिथे दिवसातून क्वचित येते तिथे पुडा रोज पोचतो! मावशीची सून म्हणाली, थोरली नागलीची भाकरी डब्यात न्यायला तयार नसते. तालुक्याच्या बाजूची पोरे हसतात, काळी भाकर म्हणतात. मी मान खाली घातली. ते शब्द कुणाच्या घरातून निघतात ते मला ठाऊक होते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे जवळजवळ एकोणसत्तर मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरात पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली. हे आकडे डोंगरातले आणि सपाटीतले मिळून आहेत. डोंगरावर कधी पोटाला कमी पडते म्हणून, आणि आमच्याकडे पोट भलत्याने भरते म्हणून.

आता त्या काळ्या भाकरीचे ऐका. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास. हाडांसाठी आपण पोरांना बाटलीतली औषधे पाजतो, आणि हे धान्य आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, आपलेच पाणी जिथे अडते तिथे पिकते. नागलीला भुंगाही लवकर लागत नाही, वर्षानुवर्षे टिकते. एकादशीला आपण जी भगर विकत आणतो ती म्हणजे त्यांची वरई. तिला ती माणसे उपासाची म्हणत नाहीत, रोज भात म्हणून खातात. रक्तासाठी हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी यांत लोह असते, पण ते अंगी लागायला आंबट लागते. लिंबू पिळा, आवळा द्या, कच्चा टोमॅटो द्या. आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, चहाने अन्नातले लोह अंगात उतरत नाही. हे मला डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते. पण आमच्या घरी जेवण झाले की चहा हा आबांचा पन्नास वर्षांचा नेम, आणि त्यांच्या बशीतला घोटभर नातवाला, हाही नेमच.

निघायच्या दिवशी थोरल्या मुलाने आम्हाला धरणाच्या भिंतीकडे नेले. पाऊस उघडला होता. प्रवरा उगमते ती पलीकडे रतनगडाच्या अंगाला, असे त्याने हात करून दाखवले. हे धरण १९२६ साली पुरे झाले. आमचे आजे-पणजे कालव्याच्या पाण्यावर घर उभे करत होते तेव्हा इथे काय बुडाले असेल, याचा विचार मी पहिल्यांदाच केला. नातू मात्र पाण्याकडे बघून सरळ म्हणाला, "आजी, हे आपल्या उसाला जातं?" मी हो म्हटले. "मग ह्यांना उन्हाळ्यात?" त्याला आदल्या रात्री मावशीने सांगितले होते, वैशाखात हंड्यासाठी खाली दरीत उतरावे लागते. मी त्याला उत्तर दिले नाही. तुमच्याजवळ असेल तर मुलांना द्या, मुले विचारतात.

मावशीकडून मी वीस किलो नागली बाजारभावाने घेतली. ती घेत नव्हती पैसे, मी दिले. आणि नातवाने खिशात भरून घोसाळ्याचे आणि घेवड्याचे बी आणले, धाकटीने दिलेले.

आता घरी काय झाले ते सांगते. लगेच काही चमत्कार झाला नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा साखर-पोळी. नागलीला मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून, दळून मी सत्त्व केले. आठ तास भिजवून फडक्यात बांधले की दीड-दोन दिवसांत मोड येतात, आणि मोड आले की त्यातले लोहही जास्त अंगी लागते. एवढा खटाटोप करून आंबील केली तर पठ्ठ्याने वाटी सरकवून दिली. मग मला उमगले, हे मी केले होते, त्याने नव्हे. दुसऱ्या वेळी भिजवण्यापासून त्याच्या हातात दिले. फडके रोज उघडून तो मोड मोजायचा. ती आंबील तो प्याला, ताक आणि मीठ त्याने स्वतः घातले, मीठ जास्तच पडले होते, तरी प्याला.

आमच्याकडे गॅस आहे. ओट्यापासून हातभर लांब मी खडूने रेघ ओढली. रेघेबाहेर तो आणि त्याची चार वर्षांची बहीण. तिला मटार सोलायला, मेथीची पाने खुडायला दिली. तो ताक घुसळतो, उकडलेले बटाटे सोलतो, कोशिंबीर हाताने कालवतो. विळी अजून नाही. सुनेला आधी हा पसारा वाटला, आणि पसारा होतोच. पीठ भिंतीला लागते, ताक सांडते, दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास जातो. ज्या दिवशी रानात घाई असेल त्या दिवशी हे करू नका, पोरांवर ओरडलात तर सगळे मुसळ केरात. आम्ही शनिवारची रात्र धरली. त्या रात्री भाजी कोणती ते तो ठरवतो, आणि रानातून आणतोही तोच.

रानातून म्हटले, पण तिथेच माझे मुलाशी भांडण झाले. आमच्या बांधावर घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी, सगळे येत असे. मी सासरी आले तेव्हा पावसाळ्यात आम्ही निम्मी भाजी बांधावरच खुडायचो. आता बांधाला तणनाशक मारतात, बांध पिवळा पडतो, आणि आपण बाजारातून मेथीची जुडी आणतो. मुलगा म्हणाला, तण कोण काढणार? मी म्हटले, विहिरीजवळचा तुकडा सोड, तिथे अजून फवारा गेलेला नाही. तेवढा त्याने सोडला. तिथूनच फक्त आम्ही खुडतो. फवारलेल्या बांधाची भाजी पोराच्या हातात जाऊ देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. आणि फवारणीचे डबे, पंप स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका, मुलांना भांडे आणि डबा यांतला फरक कळत नाही.

सगळ्यांत मोठा अडथळा आबांचा होता. मुलगा असून भाकरी थापतो म्हणून ते बाहेर ओट्यावर चेष्टा करायचे. मी काही बोलले नाही. एका शनिवारी नातवाने तांदुळज्याची भाजी आणि बाजरीची भाकरी त्यांच्या पुढे ठेवली आणि तिथेच उभा राहिला. त्यांनी पहिला घास घेतला. पोरगे वाट बघत होते. मग आबांनी विचारले, "भाजी कोणी खुडली?" हे त्यांना मी शिकवले नव्हते बरे का. आमचे बोलणे त्यांनी कधीतरी ऐकले असावे. त्या दिवसापासून चेष्टा थांबली. जेवणानंतरचा चहा मात्र त्यांनी सोडला नाही, फक्त नातवाला बशी देणे थांबले.

पुड्याला मी बंदी घातली नाही. घातली असती तर चोरून खाल्ला असता. आठवड्याच्या बाजारादिवशी एक, असे ठरले. कधी तो विसरतोही.

कार्तिकात पुन्हा रक्त तपासले, अकरा पूर्णांक दोन भरले. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, जंताच्या औषधाचा आहे, हे मी कबूल करते. नुसत्या भाकरीने रक्त भरले असे सांगून तुमची फसवणूक करणार नाही. तुमच्या मुलाला गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नका. पण त्या तीन महिन्यांच्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या.

यंदा पौषात कांद्याची लागण आली. मावशीची टोळी आली. नातू रविवारची वाट पाहत होता. दुपारी बायका बांधावर बसल्या तेव्हा तो फडके घेऊन गेला. आत त्याने सकाळी थापलेली नागलीची भाकरी होती, आता बरीचशी गोल झालेली, आणि खुरासणीची चटणी. त्याने मोडून मावशीला अर्धी दिली. तिने घास घेतला, चावला, बराच वेळ चावला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि उरलेल्या अर्धीसाठी हात पुढे केला.